मदत हवी आहे: जर्मन 'हाबेन' आणि लॅटिन 'हाबेरे', सख्खे की नुसते सारखे दिसणारे?

जर्मन शिकणाऱ्यांसाठी इंग्लिश-जर्मन-लॅटिन शब्दांचा तक्ता करतोय. 'हाबेन' आणि 'हाबेरे' दोन्हींचा अर्थ 'जवळ असणे', रूपही सारखं, पण कोशात मूळ वेगळं दिलंय. उलट 'गिफ्ट' इंग्लिशमध्ये भेट, जर्मनमध्ये विष, तरी मूळ एकच! ओळखायचं कसं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
कोश बरोबर आहे. दिसण्यावर जाऊ नका, पहिलं व्यंजन तपासा. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळचा 'क' जर्मानिक भाषांत (जर्मन, इंग्लिश, स्वीडिश यांच्या कुळात) 'ह' होतो: लॅटिन कॉर्नू (शिंग) – हॉर्न, केंटुम (शंभर) – हुंडर्ट, कानिस (कुत्रा) – हुंट. म्हणजे हाबेनचा लॅटिन भाऊ 'क'ने सुरू व्हायला हवा. तो आहे 'कापेरे', पकडणे. लॅटिनमधला सुरुवातीचा 'ह' जर्मनमध्ये 'ग' असतो: होर्टुस (बाग) – गार्टन, होस्टिस (परका, शत्रू) – गास्ट (पाहुणा). म्हणून हाबेरेला बहुतेक कोश 'गेबेन'शी, म्हणजे देण्याशी जोडतात.

आपल्याला तर घरचाच ताळा आहे. दोन, दहा, दात यांतला 'द' लॅटिनमध्ये 'ड' (डुओ, डेकेम, डेन्स), इंग्लिशमध्ये 'ट' (टू, टेन, टूथ), जर्मनमध्ये 'त्स' (त्स्वाय, त्सेन, त्सान). त्यामुळे लॅटिन 'डीएस' आणि इंग्लिश 'डे' या दोन्हींत 'ड' दिसला की संशय घ्यायचा. डीएस आपल्या 'दिवस'च्या घरातला, डे नाही.

प्रतिसाद २
गिफ्टबद्दल: मूळ अर्थ 'दिलेली वस्तू'. ग्रीक 'डोसिस'चाही अर्थ देणे, मग औषधाची मात्रा. त्या वळणाने जर्मन शब्द आधी मात्रा आणि मग विष झाला. जुना अर्थ 'मिटगिफ्ट' (हुंडा) मध्ये टिकलाय. लिंग बघा: 'दास गिफ्ट' पण 'दी मिटगिफ्ट'. परीक्षेत इथेच गुण जातात. स्वीडिशमध्ये तर 'गिफ्ट' म्हणजे विष आणि विवाहितही. यावर विनोद करायचा मोह आवरतो.

धागाकर्ता
धन्यवाद! मग जर्मन 'पापियर' (कागद) मधला 'प' बदलला का नाही?

प्रतिसाद १
कारण तो उसना, तोही उशिरा आलेला. जर्मनमध्ये 'प'चे तीन थर दिसतात. वारशाने आलेल्यात 'फ': लॅटिन पाटेर (वडील) – फाटर (लिहिताना व्ही). जुन्या उसनवारीत 'प्फ': पिपेर – प्फेफर (मिरी). नंतरच्या उसनवारीत 'प' जसाच्या तसा. तक्त्यात 'वारसा / उसना' असा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर नियम मोडल्यासारखा वाटेल.

आणि 'स'नंतरचा क, ट, प ग्रिमच्या नियमातून सुटतो. लॅटिन 'स्टारे' (उभे राहणे) आणि जर्मन 'श्टेहेन' दोन्हींत 'ट' दिसतो, तरी ते सख्खेच. स्वरांवरून मात्र काहीच ठरवू नका. शंका आली तर डीडब्ल्यूडीएस या जर्मन शब्दकोशाच्या संकेतस्थळावर शब्द टाका, व्युत्पत्तीचा भाग तिथे फुकट वाचता येतो.