अनुभव धागा : किनाऱ्यावरची जुनी, नव्यानं सजवलेली, विक्रीला काढलेली घरं बघताना

समुद्राजवळ जुनं घर हवं हा किडा माझ्या डोक्यातला, ह्यांच्या नव्हे. ह्यांना कर्वेनगरचा दुसरा मजला पुरतो. पण गेल्या डिसेंबरात पणजीला गेलो, फोंतेन्हासमधून चालताना एका दारावर ‘विकणे आहे’ ही पाटी दिसली आणि बघता बघता दोन दिवसांत पाच घरं बघून झाली. सगळी शंभरी ओलांडलेली, सगळी ‘रिस्टोअर’ केलेली. फोंतेन्हास म्हणजे आल्तिन्योची टेकडी आणि खाडी यांच्या चिमटीतली वस्ती, झऱ्यावरून नाव पडलेली. पूर्वी इथे नारळाची बाग होती. रोगराईनं जुनं गोवं ओस पडत गेलं, १८४३ साली राजधानी पणजीला आली, आणि बागेच्या जागी घरं उभी राहिली.

पहिलं घर पिवळं, निळ्या पट्ट्यांचं. आत पाऊल टाकलं तसा गारवा. हातभर जाडीच्या भिंती, शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधाळ उजेड. मी तिथेच मनातल्या मनात निम्मी सही करून मोकळी. दिवाणखान्यात सुटाबुटातले आजोबा आणि लेसचा झगा घातलेल्या आजी यांचे मोठे फोटो. मी हात जोडायच्या बेतात होते. एजंटला विचारलं, “हे मूळ मालक का रे?” तर पोरगा म्हणतो, “नाही काकू, हे सजावटीचे. म्हापशाच्या बाजारात मिळतात.” कुणाचे तरी आजी-आजोबा परक्या भिंतीवर बसून गिऱ्हाईक पटवत होते.

तिसऱ्या घरात कपाटामागे ओल. चौथ्यात सगळीकडे खोटं छत, कौलं बघायची म्हटलं तर “वर जायला वाट नाही”. पाचव्याचा आकडा ऐकून ह्यांनी पाणी मागितलं. पिवळं अजून डोक्यातून जात नाहीये.

तुम्ही अशी घरं बघितली असतील, घेतली असतील, विकली असतील तर लिहा. गोवा, कोकण, कुठलाही किनारा चालेल. फसला असाल तर जास्त सविस्तर लिहा.

* * *

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटोंचा किस्सा वाचल्यापासून आमच्या पणजोबांची काळजी लागली आहे. केळशीच्या बंद घरातून त्यांची तसबीर गेली, ती आता कुठल्या व्हिलात टांगली असेल कोण जाणे.

* * *

काकू, ‘रिस्टोअर’ हा शब्द विसरा, भिंतीला हात लावा. मी रत्नागिरीकडे जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडची जुनी घरं जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावरचा चुन्याचा गिलावाही तसाच, भिंतीला श्वास घेऊ देतो. विकायला काढताना घाईघाईनं तो खरवडतात आणि सिमेंट मारतात, कारण सिमेंट आठवड्यात गुळगुळीत होतं आणि चुन्याला महिने द्यावे लागतात. मग जमिनीतून वर चढलेली ओल आत कोंडते, सोबतचा क्षार फुलतो, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. डिसेंबरात तुम्हाला ते दिसणार नाही, कारण रंग ऑक्टोबरात दिलेला असतो.

बोटाच्या पेरांनी भिंत ठोकत जा, खालचे तीन फूट विशेष. पोकळ वाजलं की समजा गिलावा सुटलाय. खांबाचं बूड बघा. बऱ्याच ठिकाणी खांब कुजलेला असतो आणि वर नवी फळी मारून पॉलिश केलेलं असतं. खिशात एक खिळा ठेवा, तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, हळूच टोचा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर बाहेर पडा. वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी असून तिथे नवीन बाथरूम काढली असेल तर खालच्या खोलीचं छत उजेडात बघा.

आणि खोटं छत असेल तर एक पत्रा उघडल्याशिवाय पुढची बोलणी करू नका. “वर जायला वाट नाही” हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही. प्रत्येक कौलारू घरात वर जायला वाट असते. दर वर्षी कौलं फिरवायला माणूस वर जातो की.

शिंपल्यांच्या खिडक्यांबद्दल एक : त्या शिंपल्याला आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दुरुस्तीसाठी पडक्या घरांतून काढलेले जुने शिंपले शोधत हिंडावं लागतं. खिडकी पूर्ण आणि अस्सल असेल तर मालकानं काहीतरी मनापासून केलंय असं मी धरतो.

* * *

अलिबाग. एजंटनं “पोर्तुगीज शैलीचा बंगला” म्हणून नेलं इस्रायल आळीत. पोर्तुगीज होते रेवदंड्याला, पण असो. घर छान केलं होतं, ओटीचा कठडा जुनाच ठेवला होता. दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची खाच आणि वरखाली खिळ्यांची भोकं दिसली. एजंट म्हणाला, जुन्या बेलचा डाग असेल, पुटी लावून बुजवून देतो.

तो मेझुझाचा माग होता. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांच्या दारावर लहानशी नळी ठोकलेली असते, आत त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं लिहिलेलं चामड्याचं भेंडोळं. आजोबांच्या तोंडून मी ‘शनिवार तेली’ हा शब्द ऐकलेला. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. मागेन आबोथ सिनेगॉग आजही त्याच आळीत उभं आहे, घरापासून चालत दोन मिनिटं.

घर आम्ही घेतलं नाही, हप्ता झेपणारा नव्हता. पण त्या पोराला बजावून आलो, ती खाच बुजवू नकोस. त्यानं मान डोलावली. बुजवली असणारच.

* * *

गोव्याची म्हणून कागदांचं सांगते. इथे घर बघण्याआधी वारस मोजायचे. आमच्याकडे पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेतून आलेली रीत आहे : लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे विकणारी पाच भावंडं असतील आणि पाचही लग्न झालेली, तर सह्या दहा. त्यातले दोघं लिस्बनला, एक कॅनडात, आणि एका वहिनीचं सगळ्यांशी वाकडं. माझ्या मावशीच्या घराचा सौदा त्या एका सहीसाठी अकरा वर्षं अडकला. या काळात घर दोनदा रंगवून झालं.

वाटण्या झाल्यात का, इन्व्हेंतारियो, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई, पूर्ण आहे का, हे आधी विचारा. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढून त्यावरची नावं आणि समोर उभा असलेला ‘मालक’ जुळवून बघा. आणि परसात मागच्या बाजूला लहानसं घर दिसलं, त्यात चूल पेटलेली दिसली, तर एजंटला नव्हे, त्या घरातल्या माणसांना विचारा. ते मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे, असतील तर १९७५ च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. एजंट “केअरटेकर आहेत, जातील” म्हणतात. का म्हणून जातील? चार पिढ्या तिथेच गेल्यात त्यांच्या.

* * *

+१. महाराष्ट्रात त्याच जागी सातबारा. दापोलीजवळचं एक देखणं चौसोपी घर बघितलं, उताऱ्यावर सत्तावीस नावं, त्यातली नऊ कैलासवासी. वर जमीन शेतीची. शेतकरी असल्याचा दाखला नाही तर खरेदी करताच येत नाही, ही गोष्ट चहा-पोहे झाल्यावर सांगितली. घर गावठाणात आहे का हे फोनवरच विचारून घ्या, पेट्रोल वाचेल. शिवाय भरतीच्या रेषेपासून घर किती लांब आहे ते बघा; सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंधनांच्या पट्ट्यात, असेल तर जुनं तसंच ठेवता येतं, पण वाढवायची स्वप्नं पाहू नयेत.

* * *

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. तुम्ही बघायला जाता ना, ते घर आमचं.

वेंगुर्ल्यात, बाजारापासून जवळ. आम्ही तिघं भाऊ, तिघं बाहेर, आई ऐंशीची. विकायचं ठरलं तेव्हा एकानं सल्ला दिला की असंच विकलंत तर मातीमोल जाईल, आधी नीट करून घ्या. केलं. शेणाची जमीन जाऊन लाल कोबा आला, चुलीच्या धुरानं काळे झालेले वासे घासून तेलपाणी केलं. खरं सांगायचं तर त्या धुरानंच वाळवी लांब ठेवली होती.

मग माणसं यायला लागली. आई प्रत्येकाला सोलकढी द्यायची. माजघरालगत एक काळोखी खोली आहे, बिनखिडकीची. आम्ही सगळे तिथेच जन्मलो, बाळंतिणीची खोली ती. मुंबईच्या एका जोडप्यानं विचारलं, “इथे होम थिएटर होईल का?” होईल की. दुसऱ्या एकानं तुळशीवृंदावन हलवता येईल का म्हणून टेपनं मोजलं; गाडी वळवायला अडचण होती. आई ओटीवरून बघत होती. संध्याकाळी मला म्हणाली, “ह्येंका मिरगात येवक सांग. आता सगळीच घरां बरी दिसतत.”

त्या वाक्यात खोच होती की आमंत्रण, मला अजून कळलेलं नाही. घर विकलं नाही. म्हणजे आई आहे तोवर नाही.

* * *

श्रीवर्धनला मी २०१९ च्या दिवाळीत एक घर बघितलं होतं, विसार द्यायच्या बेतात होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. नंतर गेलो तेव्हा कौलं नव्हती, वासे उघडे, आणि मागची पोफळीची बाग आडवी. मालक शांतपणे म्हणाला, “आता घेता का? स्वस्तात देतो.” कौलं मिळेनात, मिळाली तर लावणारे मिळेनात, शेवटी त्यानं निळा पत्रा घातला. अजून तोच आहे. जाहिरातीत मात्र जुना फोटो.

* * *

चेन्नईहून. पुदुच्चेरीतली तमिळ पेठेतली घरं बघण्यासारखी आहेत : रस्त्याला लागून आपल्या ओटीसारखी थिण्णै, आत उघडा चौक. छत कौलांचं नसून सागाच्या तुळयांवर विटा उभ्या रचून चुन्यात बसवलेलं, मद्रास टेरेस म्हणतात त्याला. वरून सपाट आणि निरागस दिसतं. पण तिथली किनाऱ्यावरची जुनी मेरी, म्हणजे नगरपालिकेची इमारत, नोव्हेंबर २०१४ च्या पावसात कोसळली होती, हे मी प्रत्येक दलालाला आठवण करून देतो. दर थोडा खाली येतो.

* * *

घेतलेल्यांपैकी एक : गुहागर, आठ वर्षं झाली. वर सगळं आलंय, फक्त वानरांचं कुणी लिहिलं नाही. घर दाखवताना वानरं कधीच नसतात. ताबा मिळाल्यावर बारा-चौदा जणांचं कुटुंब आंब्यावरून थेट आढ्यावर उतरतं आणि तासाभरात चाळीस कौलं फुटतात. जुन्या मंगलोरी कौलाच्या मापाचं नवं कौल नेमकं बसत नाही, म्हणून पडकी घरं उतरवताना निघालेली कौलं घेऊन रचून ठेवली आहेत. पाठीवर कारखान्यांचे छाप आहेत. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कारखाना काढला, त्यानंतर बरेच निघाले; मुलगा ते छाप तिकिटांसारखे जमवतो.

दर मे महिन्यात शाकारणी. पूर्वी दोन दिवसांत व्हायची, आता त्या माणसाची तारीख मिळवणं म्हणजे दंतवैद्याची वेळ मिळवण्यासारखं. गेल्या साली तो आला ७ जूनला, आभाळ भरून आलेलं, आणि अर्धं छप्पर मोकळं. बायको खाली उभी राहून वर बघत होती, मी बायकोकडे बघत नव्हतो.

पस्तावा? पागोळ्या लागतात तेव्हा नाही.

* * *

धागाकर्ती परत. इतकं भरभरून लिहिलंत! वेंगुर्ल्याच्या आईंचं ऐकलं. मिरगात जमलं नाही, जुलैत गेलो, एजंटला आदल्या रात्री कळवून.

पणजीत धो धो. पिवळ्या घराच्या दारात पोरगा छत्री घेऊन हजर. आत तोच गारवा, पण आता त्याला वास होता, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा. मी भिंत ठोकत निघाले. दिवाणखाना खणखणीत. जेवणघर खणखणीत. ह्यांनी खिशातून खिळा काढला तेव्हा मला भरून आलं. सुटाबुटातले आजोबा जागच्या जागी होते, काचेला आतून जरा बाष्प.

मग जिन्याच्या वर कुठेतरी टप्प झालं. थोड्या वेळानं पुन्हा टप्प. ह्यांनी वर पाहिलं, मी पोरग्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. जिन्याखालचं दार उघडलं, अंधारात हात घातला, लाल बादली काढली आणि वर न बघताच ती तिसऱ्या पायरीवर ठेवली. पुढचा थेंब बरोबर बादलीत पडला.