मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडी घेऊ की आधी पुन्हा नीट शिकू?

नमस्कार. बरीच वर्षं इथलं नुसतं वाचते आहे, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

माझं वय ४६. आईचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा. नेणं-आणणं सध्या भाऊ करतो, पण त्याचं काम फिरतीचं. भाड्याच्या गाडीने जायचं आईला आताशा नको वाटतं. येताना तिचं बीपी उतरलेलं असतं, ती गळून गेलेली असते. कधी मध्येच दहा मिनिटं थांबावं लागतं, सीट मागे करून तिला पडायचं असतं. परक्या माणसाला ती हे सांगत नाही, तशीच बसून राहते. म्हणून ठरवलंय, गाडी मी चालवायची.

लायसन्स माझ्याकडे २२ वर्षांपासून आहे. गाडी मात्र चालवता येत नाही.

तेव्हा रीतसर क्लास लावला होता. २१ दिवस, रोज अर्धा तास. शिकवणाऱ्यांच्या पायाशी दुसरा क्लच आणि ब्रेक असतो, तशी गाडी. त्या २१ दिवसांत माझ्या हातून गाडी एकदाही बंद पडली नाही, अगदी चढावरच्या सिग्नललासुद्धा नाही. मला वाटलं, जमलं आपल्याला. एक गोष्ट तेव्हा जाणवायची, पण अर्थ लागला नव्हता: माझा पाय पोचायच्या आधीच क्लचचं पेडल खाली गेलेलं असायचं. मी समजायची, पेडल हलकं आहे. प्रत्यक्षात क्लच तेच दाबत होते आणि तेच सोडत होते. मी फक्त स्टिअरिंग धरून बसले होते.

हे कळलं ते बाबांच्या गाडीत. पहिल्याच दिवशी गाडी सात वेळा बंद पडली. आठवड्याभराने चढावरच्या सिग्नलला हँडब्रेक सोडला, क्लच अंदाजाने सोडायला गेले आणि गाडी मागे सरकली. मागे दुचाकी होती. दुचाकी आडवी झाली. कुणाला लागलं नाही, पण त्या गृहस्थांच्या पुढ्यात एक लहान मुलगी बसली होती आणि ती रडायच्या आधी क्षणभर नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही.

आता सगळे म्हणतात, ऑटोमॅटिक घे, त्यात शिकण्यासारखं काही नसतं. मागच्या महिन्यात एका रिकाम्या मैदानावर नणंदेच्या यजमानांची ऑटोमॅटिक चालवून पाहिली. 'डी' मध्ये टाकली, ब्रेक सोडला आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावताच गाडी चालू लागली. मी दचकले. क्लच शोधत डावा पाय खाली गेला आणि रुंद ब्रेकवर सगळ्या जोराने पडला. गाडी जागच्या जागी थांबली, यजमानांचं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं. मागच्या सीटवर आई असती तर, हाच विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

माझे प्रश्न असे. ऑटोमॅटिक घेतली तर क्लास न लावता खरंच भागतं का? आधी मॅन्युअल पक्की करून मग ऑटोमॅटिककडे जावं, असं एक मैत्रीण म्हणते. त्यात तथ्य आहे का? आणि पुन्हा क्लास लावलाच, तर या वेळी नीट शिकवतायत हे ओळखायचं कसं? ज्यांनी माझ्यासारखी मोठ्या वयात सुरुवात केली आहे त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद

ताई, ऑटोमॅटिकच घ्या, मनात शंका ठेवू नका. मी ५२ व्या वर्षी सुरुवात केली. तुमचा डावा पाय ब्रेकवर पडला ते सगळ्यांचंच होतं. डावा पाय डावीकडच्या पट्टीवर टेकवून ठेवायचा आणि विसरायचा. मला या सवयीला चार दिवस लागले.

प्रतिसाद

थोडं वेगळं मत. तुमची मैत्रीण अगदीच चुकीचं बोलत नाहीये. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. जपानमध्ये १९९१ पासून तसं वेगळं लायसन्स आहे. जर्मनीत २०२१ मध्ये मधला मार्ग काढला: परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तरी आधी मॅन्युअलचे किमान दहा धडे घेऊन क्लासमधली छोटी चाचणी पार केली, तर दोन्हीची मुभा. म्हणजे तिथल्या कायद्याच्या लेखी ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. मॅन्युअल येत असली की अडीअडचणीला कुठलीही गाडी काढता येते. वेळ हाताशी असेल तर मॅन्युअल आधी शिका.

प्रतिसाद

मी १८ वर्षं गाडी शिकवतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पहिलं म्हणजे, तुमच्याकडे वेळ नाही. आईला आठवड्यातून तीनदा न्यायचंय. अशा वेळी क्लचशी झुंजत बसण्यात अर्थ नाही, ऑटोमॅटिक घ्या. मॅन्युअल शिकण्यात कमीपणा नाही आणि न शिकण्यातही नाही. नवशिक्याचं अर्धं लक्ष क्लच, गिअर आणि इंजिनच्या आवाजात अडकलेलं असतं. ते मोकळं झालं की रस्त्यावर लावता येतं. पण ते रस्त्यावर लावायला शिकावं लागतं, आपोआप लागत नाही. 'ऑटोमॅटिकमध्ये शिकण्यासारखं काही नसतं' म्हणणारे इथेच चुकतात. गिअर गाडी बदलते. समोरच्या दोन गाड्यांच्या फटीतून कुणी बाहेर येईल का, हे तुम्हालाच बघायचंय.

आता पायाचं. ऑटोमॅटिकमधली सगळ्यात धोकादायक चूक एकच: ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबणं. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारींवरून मोठा गदारोळ झाला होता. तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने तपास करून १९८९ मध्ये अहवाल दिला. बहुतेक प्रसंगांमागे चालकाचा चुकलेला पाय होता, असा त्याचा निष्कर्ष. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पी' (पार्किंग) मधून निघत नाही ही सोय आज जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांत दिसते, ती याच चुकीवरचा उपाय म्हणून. या प्रसंगांत माणूस घाबरून पाय आणखी जोरात दाबतो, कारण त्याच्या मते तो ब्रेकच दाबत असतो. मॅन्युअलमध्ये घाबरलेला पाय क्लचवर गेला तर निदान इंजिनची ताकद चाकांपासून तुटते. इथे तो आधार नाही.

म्हणून माझ्याकडे ऑटोमॅटिक शिकायला येणाऱ्याला पहिले दोन दिवस मी अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच लावू देत नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकवायची. चवडा सरळ असला की ब्रेक, उजवीकडे वळवला की अ‍ॅक्सिलरेटर. टाच हलवायची नाही. मग मोकळ्या जागेत गाडीच्या स्वतःच्या सरपटीवर, नुसत्या ब्रेकने, मुंगीच्या पावलाने पुढे-मागे जायचं. एक खडू ठेवतो आणि पुढचं चाक त्याच्या वीतभर अलीकडे थांबवायला सांगतो. कंटाळा येतो, पण दुसऱ्या दिवसाच्या शेवटी पाय बसतो. तुमचा ब्रेक दणकन लागला, कारण डाव्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायचीच सवय असते; हलकं दाबणं त्याला माहीत नाही. उजव्याला ते येईल.

तिसऱ्या दिवशी उलट. मोकळ्या जागेत ३०-४० च्या वेगात गाडी आणायची आणि सगळा जीव लावून ब्रेक दाबायचा. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पेडल पायाखाली थडथडतं, घरघर येते. पहिल्यांदा अनुभवणारा घाबरून पाय उचलतो, आणि नेमका तोच उचलायचा नसतो. दाबून धरायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. हे आयुष्यात एकदा तरी करून पाहिलेलं असावं. ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. पाय उचलू की नको या विचारात तो सेकंद जातो.

क्लास चांगला कसा ओळखायचा? फार सोपी खूण आहे. पहिल्या दिवशीच सांगा, 'सर, माझ्या चुकीने गाडी बंद पडली किंवा हिसका बसला तरी चालेल, तुमचा पाय पेडलवरून काढून ठेवा, धोका असेल तरच लावा.' जे याला तयार नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका. तुमच्यावर जो अन्याय झाला तो फार जणांवर होतो. रस्त्यात गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवतात, शिकवणाऱ्याला तेवढा वेळ द्यायचा नसतो, मग तो स्वतःच क्लच सांभाळतो. शिकणारा खूश, २१ दिवस भरले. हा आमच्याच पेशातला दोष आहे आणि मला त्याची लाज वाटते.

दुसरी खूण: शिकवणारा फक्त पाय आणि हात बघतो की तुमचे डोळेही बघतो. मी शिकणाऱ्याला बोलत बोलत गाडी चालवायला लावतो. 'पुढे बस थांबली आहे, पुढून कुणी येईल, वेग कमी करते. मागे दुचाकी आहे, उजव्या आरशात दिसत नाहीये, मान वळवून बघते.' जे तोंडातून येत नाही ते डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

आणि सराव किती, हेही महत्त्वाचं. नॉर्वेत ७० च्या दशकाच्या अखेरीस निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केलं. पुढे तपासलं तेव्हा तरुण मुलांचे तसल्या रस्त्यांवरचे अपघात वाढलेले आढळले. आपल्याला सावरता येतं, या भरवशावर वेग वाढला. उलट स्वीडनने १९९३ मध्ये सराव सुरू करायचं वय साडेसतरावरून सोळावर आणलं. ज्या मुलांनी ते दीड वर्ष वापरलं त्यांचा सराव सरासरी शंभर तासांच्या वर गेला, आणि लायसन्सनंतर त्यांचे अपघात बरेच कमी झाले. क्लासमधले तुमचे २१ अर्धे तास म्हणजे साडेदहा तास. क्लास संपल्यावर भावाला शेजारी बसवून किमान चाळीस-पन्नास तास काढा. त्यातले काही रात्रीचे आणि काही पावसातले असू द्या.

प्रतिसाद

वरच्या सरांनी एक गोष्ट लिहिली नाही. सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात, आणि तुमची भीती चढाची आहे म्हणून सांगते. एएमटी म्हणजे आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. ब्रेकवरून पाय काढल्यावर क्लच धरेपर्यंत काही एएमटी चढावर किंचित मागे येतात. हिल होल्ड असेल तर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून पोचते, त्यामुळे ती साधारण चढावर मागे सहसा येत नाही आणि झटकेही कमी. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि दोन पुल्या, गिअरचा झटका नाहीच. आजारी माणूस मागे असेल तर शेवटचे दोन प्रकार सुखाचे. कुठलीही घ्या, पण टेस्ट ड्राइव्ह चढावर मागा, सपाट रस्त्यावर देतील ती नको. आणि एएमटी किंवा दोन क्लचवाली गाडी चढावर अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबा.

लांब उतारावर 'एल' (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा, म्हणजे इंजिन गाडीला धरतं आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. थांबल्यावर आधी हँडब्रेक, मग 'पी'. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्सच्या आतल्या छोट्याशा अडसरावर येतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी घ्यायचं ठरलं, चढावर चालवून पाहिली. मागे आली नाही. मी मात्र सिग्नल हिरवा झाल्यावर दोनदा आरशात बघितलं.

क्लास शोधताना तिघांना तोच प्रश्न विचारला. दोघे म्हणाले, 'तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत ना.' तिसऱ्या होत्या एक बाई. त्यांनी काही न बोलता दोन्ही पाय मागे घेऊन सीटखाली आडवे ठेवले. त्यांच्याकडे लावलाय. खडूचा प्रयोग मीच त्यांना सांगितला, त्यांना आवडला. पहिल्या दिवशी खडूचा भुगा झाला. पाचव्या दिवशी चार बोटं अंतर राखून गाडी थांबली, आणि डावा पाय पट्टीवरून हलला नव्हता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता भावाबरोबर अकरा तास झालेत. बोलत बोलत चालवते, तो म्हणतो कान किटले. पावसातला सराव अजून व्हायचाय. आईला सांगितलंय, पन्नास तास होईपर्यंत तिने माझ्या गाडीत बसायचं नाही. परवा ती खाली आली, मागचं दार उघडून आत बसली, सीट किती मागे जाते ते करून बघितलं आणि उतरून घरी गेली.