मदत हवी आहे: एनफिल्डच्या काडतुसात गोळीचं टोक कुठल्या बाजूला?

नमस्कार मंडळी. १८५७ वरच्या प्रदर्शनासाठी एनफिल्ड रायफलच्या (१८५३ चं मॉडेल) कागदी काडतुसाची प्रतिकृती करतो आहोत. दारू नाही, शिसं नाही. गोळी लाकडाची कातून घेतली आहे. आम्ही कागदाच्या नळीत खाली दारूची जागा ठेवून वर गोळी बसवली, टोक बाहेर. हे बरोबर आहे का? वंगण कुठे लावायचं? फलकावर 'मेरठच्या शिपायांनी एनफिल्डची काडतुसं नाकारली' असं लिहिलंय, ते चालेल ना?

प्रतिसाद १
गोळी उलटी करा. टोक आत, दारूकडे. पोकळ बूड बाहेरच्या बाजूला. बहुतेक प्रतिकृती इथेच चुकतात, कारण आजचं पितळी काडतूस डोळ्यांसमोर असतं.

भरण्याची रीत बघितली की कारण कळतं. शिपाई दारूकडचं टोक दातांनी तोडायचा, दारू बंदुकीच्या नळीत ओतायचा, काडतूस उलटं करून गोळीची बाजू कागदासकट त्या नळीच्या तोंडात बसवायचा, वर उरलेला रिकामा कागद मोडून टाकायचा आणि गजाने ठासायचा. गोळीभोवतीचा कागद तसाच आत जायचा. टोक बाहेर ठेवलंत तर गोळी बूड वर, टोक खाली अशी आत जाईल.

मापं: बंदुकीच्या नळीचा आतला व्यास १४.६६ मिमी, गोळीचा १४.४३, वजन सुमारे ३४ ग्रॅम. दारू साधारण ४.४ ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून किंचित कमी. तिच्या जागी रवा भरू नका, पेटीत किडे होतात. चाळलेली बारीक काळी वाळू भरा.

प्रतिसाद २
वंगण फक्त गोळीच्या भागावर, बाहेरच्या कागदाला. दारूकडचा भाग कोरडा. प्रतिकृतीला शुद्ध मेण वापरा. चरबी खवट होते, मुंग्या येतात.

वंगण का लागायचं, हे फलकावर जरूर लिहा. काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाची घट्ट राख मागे राहते. जुन्या ब्राऊन बेसची (आतून गुळगुळीत नळीच्या मस्केट बंदुकीची) नळी १९ मिमीची आणि गोळी सुमारे १७.५, त्यामुळे राख साचली तरी गोळी सरकायची. एनफिल्डमध्ये फट जेमतेम ०.२३ मिमी, शिवाय नळीत आतून तीन खाचा. वंगण नसेल तर काही बारांनंतर गज खाली जाईना. १८५९ पासून गोळीचा व्यास १३.९७ वर आणला, तो याच त्रासामुळे.

प्रश्नकर्ता
म्हणजे दात लागायचे तो भाग कोरडाच होता? मग शिपायांची शंका चुकीची होती, असं लिहायचं का?

प्रतिसाद २
अजिबात नको! चरबी कोणत्या जनावराची, हे पुरवठ्याच्या वेळी कुणी तपासलंच नव्हतं. उन्हात वंगण पाघळून कागदात पसरतं, हातांना तर लागतंच. शंका रास्त होती. दातांऐवजी बोटांनी फाडण्याची कवायत पुढे आणली, पण तोवर विश्वास उडाला होता.

प्रतिसाद ३
फलक मात्र बदला. २४ एप्रिल १८५७ ला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ जणांनी नाकारली ती कार्बाइनची (घोडदळाच्या आखूड बंदुकीची) नेहमीची जुनी काडतुसं. बंगालमधल्या बहरामपूरला २६ फेब्रुवारीला १९ व्या पलटणीनेही जुन्याच मस्केटची काडतुसं नाकारली. संशय कागदाच्या चकाकीवर होता: चकाकतो म्हणजे चरबी लावली असणार. एनफिल्डचं शिक्षण तेव्हा कलकत्त्याजवळचं डमडम, अंबाला आणि सियालकोट इथेच सुरू होतं. त्यामुळे मेरठच्या मजकुराशेजारी ही प्रतिकृती ठेवू नका, डमडमच्या फलकाखाली ठेवा.