एकाच भूकंपानंतर एका भावाने देव सोडला, दुसऱ्याने माळ घातली. असे का व्हावे?

प्रश्न:
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा आदल्या दिवशीचे अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून आमचे गाव गाढ झोपेत होते. आमच्या घरातली तीन माणसे गेली. थोरल्या काकांनी त्यानंतर देवघरापुढे कधी हात जोडले नाहीत. धाकट्या काकांनी मात्र पुढच्याच वर्षी माळ घातली आणि त्यांची आषाढीची वारी अद्याप चुकलेली नाही. विचारले तर दोघेही त्या पहाटेकडेच बोट दाखवतात. मग माणसे देव मानतात किंवा नाकारतात ती खरोखर कारणांमुळे, की कारणे मागाहून जुळवली जातात?

प्रतिसाद १:
दोघांनी एकाच देवाविषयी निर्णय घेतला, असे मला वाटत नाही. थोरल्यांचा देव बहुधा राखणदार होता; नवस फेडला, उत्सव यथासांग केला म्हणजे घरादाराला धक्का लागणार नाही, असा तो करार होता आणि तो मोडला. वारकऱ्याचा विठ्ठल असे काही कबूलच करत नाही. तुकोबांची पहिली पत्नी दुष्काळात अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि त्यानंतरच ते विठ्ठलाकडे पुरते वळले. धाकट्यांना दिंडीत सोबत मिळाली असेल, तर तेही एक कारणच आहे, भले ते तर्कशास्त्रात न बसो.

प्रतिसाद २:
सोबत मिळाल्याने देव आहे हे सिद्ध होत नाही, तसेच आप्त गेल्याने तो नाही हेही सिद्ध होत नाही. तिथे माणसे दगावली ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळल्यामुळे. शिवाय ईश्वर नाकारायला दुःखच लागते असेही नाही. पूर्वमीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारे प्राचीन तत्त्वज्ञ, वेद प्रमाण मानत, यज्ञ करत, आणि तरीही जगाचा कर्ता ईश्वर मानत नसत, कारण यज्ञाचे फळ मिळण्यासाठी त्यांना त्याची गरजच वाटत नव्हती. उलट जोतीरावांनी पुरोहित साफ नाकारला, पण निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, ठेवला.

मूळ प्रश्नकर्ता:
माळवदाचा मुद्दा मी थोरल्या काकांना फोनवर सांगितला. ते म्हणाले, "ते मला त्याच दिवशी कळले होते. ती भिंत मीच बांधली होती." त्यानंतर देवाचा विषय मला काढता आला नाही.