चार डॉक्टर, एक रुग्ण: उपचारांचा मेळ कोणी घालायचा?

प्रश्न
माझ्या वडिलांना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुना विकार आहे आणि प्रत्येक आजारासाठी वेगळे तज्ज्ञ आहेत. गुडघेदुखीसाठी चौथ्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांत पायांवर सूज येऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढले. चालू औषधांविषयी त्यांना कोणी सांगितले नव्हते, आम्हीही नाही. हे सारे एकत्र पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

उत्तर १
आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. सोबत रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातील (मूळ नावाच्या शेवटी ही अक्षरे असलेली) गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका बराच वाढतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबाबतही मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावे लागते. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळते याचा तपासणीतील आकडा) 30 च्या खाली गेल्यास ते बंद करावे लागते, पण मूत्रपिंडाचा ताजा अहवाल मधुमेहतज्ज्ञांपर्यंत पोहोचलाच नाही, तर ते बंद करणार कोण? म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की सर्व औषधांवर शेवटची नजर आपण ठेवाल का. हे गृहीत धरू नये, त्यांच्याकडून वदवून घ्यावे.

उत्तर २
मी आईची औषधे नऊ वर्षे सांभाळत आहे. एकदा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पलंगावर मांडून मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा दोन निराळ्या नावांनी एकच औषध ती दोनदा घेत असल्याचे कळले. त्या दिवसापासून वहीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, ते कोणी व कशासाठी दिले हे लिहिते. बंद केलेले औषध मात्र मी खोडत नाही. शेजारी तारीख आणि कारण लिहिते, कारण खोकल्यामुळे बंद केलेली गोळी पुढे नव्या डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिली, तेव्हा त्या एका ओळीनेच आम्हाला सावध केले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आज पाकिटे मांडून बसलो, तर तीन गोळ्या कशासाठी आहेत हे घरात कोणालाच सांगता आले नाही. कोणतीही गोळी स्वतःहून बंद न करता ती यादी उद्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवणार आहे.