राजवाडे आणि धुळे

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्याबद्दल वर चर्चेत 'राजवाड्यांनी 1910 साली खं. चिं. मेहेंदळ्यांसोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथेच त्यांचं काम राहिलं' असा सूर दिसतो. त्यात धुळे राहून जातंय, आणि ते राहू नये असं मला मनापासून वाटतं.

पुण्याच्या मंडळाशी मतभेद झाल्यावर राजवाडे शेवटी धुळ्यात राहिले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच गेले. मागे राहिली गावोगाव फिरून जमवलेली जुन्या कागदपत्रांची दप्तरं, टिपणं, अर्धवट लेखन. वारस म्हणून हे सगळं उचललं धुळेकरांनी. 1927 मध्ये त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. धुळ्यात त्याला जमीन तयार होती: समर्थ रामदासांच्या संप्रदायाची हस्तलिखितं मिळवण्यासाठी शंकर श्रीकृष्ण देव आधीपासून झटत होते. राजवाड्यांचा मराठी धातुकोश (क्रियापदांच्या मूळ रूपांचा कोश) भाषा-अभ्यासक कृ. पां. कुलकर्णींच्या संपादनाखाली याच मंडळाने छापला. 'संशोधक' हे त्याचं नियतकालिकही नीट चाळून बघा, खानदेशावर काम करणाऱ्याला ते टाळता येणार नाही.

अशी साधनं पुण्याला हलवावीत असं वर कुणीतरी म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. ज्या गावाने ती जपली, तिथेच ती राहावीत आणि डिजिटायझेशनसाठी पैसा तिथे जावा.