पश्चिमेची खिडकी, बोअरचं पाणी आणि सोफ्याचं कापड : किती मीटर आणि कुठलं घ्यावं?

बालाघाटी
लातूर, दुसरा मजला. पडदे, एक ब्लाइंड आणि सोफ्याचं कापड एकदमच घ्यायचंय. गंजगोलाईच्या आसपासची तीन दुकानं पालथी घातली आणि गोंधळ वाढला, म्हणून हा धागा. मापं अशी :

हॉलमध्ये पश्चिमेला सरकती ॲल्युमिनियमची खिडकी आहे. ६ फूट रुंद, ४ फूट उंच, फरशीपासून ३ फुटांवर, बाहेरून ग्रील. पडदा फरशीपर्यंत हवा. एका दुकानात ८ मीटर लागेल म्हणाले, दुसऱ्यात ११. पन्हा (कापडाची रुंदी) दोघांचाही ४८ इंच! मग तीन मीटरचा फरक येतो कुठून?

बेडरूमची खिडकी दक्षिणेला, ४ बाय ४, उन्हाळ्यात तिच्या अर्ध्या भागात कूलर असतो. मुलांच्या खोलीची उत्तरेला, तीही ४ बाय ४, तिथे ब्लाइंड लावायचंय. मुलगी दोन वर्षांची आहे.

सोफा सागवानी, ३+१+१, गाद्या सुट्या. पाच बैठका २२×२२×५ इंच, पाच पाठी २२×१८×४. रेक्झिनचे पापुद्रे निघालेत. कारीगर १४ मीटर सांगतो. पाणी बोअरचं, साबणाला फेस येत नाही इतकं जड. मला सुती आवडतं. दुकानदार मात्र "सगळीकडे ब्लॅकआउट घ्या, उन्हाळा कळणार नाही" म्हणतात. काय करू?

टाका_दोरा
आधी मीटरचा हिशोब. दोन्ही दुकानदार आपापल्या जागी खरं बोलतायत, पण दोघांचे पडदे वेगळे आहेत.

रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त घ्या, म्हणजे पडदा उघडल्यावर काचेवर येणार नाही आणि बंद केल्यावर कडेने ऊन शिरणार नाही. ७२ + १२ = ८४ इंच. आयलेटच्या (वर रिंगा बसवलेल्या) पडद्याला रॉडच्या दुप्पट कापड लागतं, १६८ इंच. भागिले ४८ म्हणजे साडेतीन पॅनल, अर्थात चार. ८ मीटरवाल्याने तीन धरले. १४४ इंच कापड ८४ इंचांत पसरलं की चुण्या सपाट होतात आणि पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो.

आता लांबी. रॉड खिडकीच्या वर ६ इंच धरला तर फरशीपासून ९० इंचांवर येतो. आयलेटच्या वर दीड इंच कापड राहतं, खाली फरशीपासून एक इंच सोडायचं. तयार पडदा साधारण ९० इंच. वर बकरमसाठी (आतली कडक पट्टी) ५, खाली दुहेरी दुमडीसाठी ८ धरा. १०३ इंच, म्हणजे २.६२ मीटर. गुणिले चार, साडेदहा मीटर.

हा हिशोब साध्या कापडाचा झाला. मोठ्या डिझाइनचं घेतलंत तर रिपीट, म्हणजे तीच नक्षी पुन्हा किती अंतरावर येते, किती सेंटिमीटरचा आहे ते विचारा. ६४ सेंटिमीटर असेल तर प्रत्येक पॅनल ६४ च्या पटीतच कापावा लागतो, नाहीतर फुलं शेजारच्या पॅनलशी जुळत नाहीत. २६२ सेंटिमीटरला पाच रिपीट, ३२० सेंटिमीटर, चार पॅनलचे १२.८ मीटर. इथे एक युक्ती आहे. खालची दुमड ८ ऐवजी ५ इंच केली की एकूण १०० इंच, म्हणजे २५४ सेंटिमीटर, चार रिपीटमध्ये (२५६) बसतं. मग साडेदहातच भागतं. शिंपी हे आपणहून सांगेलच असं नाही.

आत जाळीदार पांढरा पडदाही लावणार असाल तर मोठ्या पन्ह्याचं शिअर मागा. ११० इंची पन्हा आडवा लावला की तोच पडद्याची उंची होतो, मध्ये जोड येत नाही. साडेचार मीटर पुरे. रॉडचे ब्रॅकेट मात्र दुहेरी घ्यावे लागतील.

गोदाकाठ
ब्लॅकआउटबद्दल बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. ब्लॅकआउट उजेड अडवतं. उष्णता अडवणं ही वेगळी गोष्ट. ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. गडद रंगाचा असेल तर जास्तच. काचेकडची बाजू पांढरी असेल तर काही ऊन काचेतून परत जातं, एवढाच फायदा.

खरं ऊन काचेच्या बाहेर अडवावं लागतं. पश्चिमेचं ऊन संध्याकाळी तिरपं येतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही. तिथे छज्ज्याच्या कडेला बांबूची चिक किंवा शेडनेट टांगा. काच आणि चिक यांच्यात तीन-चार इंच अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे. खालची कड ग्रीलला दोन्ही कोपऱ्यांत बांधा, नाहीतर वळवाच्या पहिल्याच वावटळीत चिक शेजारच्या गच्चीवर जाईल.

आणि दक्षिणेच्या खिडकीची उन्हाळ्यात भीती नको. लातूरला मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तिथून जुलैअखेरपर्यंत तो थोडा उत्तरेकडेच असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या काचेवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. ते हिवाळ्यात खोलवर आत येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. ब्लॅकआउट फक्त पश्चिमेला घ्या.

बालाघाटी
म्हणजे दक्षिणेला साधं सुती चालेल? कूलरच्या बाजूचं काय करायचं?

टाका_दोरा
कूलरच्या अर्ध्या भागावर उन्हाळ्यात पडदाच नको, कापड हवेच्या वाटेत येतं. बेडरूमचा पडदा फरशीपर्यंत न आणता खिडकीच्या खाली ६ इंचांवर थांबा. तयार लांबी ६० इंच, कापायची ७३. दोन पॅनल मिळून ३.७, म्हणजे ४ मीटर घ्या. एक पॅनल वर्षभर, दुसरा कूलर निघाल्यावर. चुण्या थोड्या कमी पडतील, पण छोट्या खिडकीवर ते खटकत नाही. एक लक्षात ठेवा : कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते. समोरचं दार-खिडकी बंद करून जाड पडदे ओढले की खोली दमट होते, आणि अस्तर लावलेल्या सुती पडद्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात.

जडपाणी
ताई, सुती घ्याच, पण आधी हे वाचा. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, हातमागाचं त्याहून जास्त. ९० इंचांचा पडदा ५ टक्के आटला तर साडेचार इंच वर जातो आणि शाळेतल्या मुलाच्या तोकड्या पँटसारखा दिसतो. म्हणून कापड ५ टक्के जास्त आणा, शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मगच शिंप्याकडे द्या. भिजवताना पाण्याला रंग आला तर तो पुढेही जाणार हे कळतं.

बोअरच्या पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका करतात. तो धाग्यांत बसतो, कापड कडक आणि मळकट होतं. पाण्यात लोह असेल तर पिवळे डागही पडतात. अशा डागांवर ब्लीच टाकू नका, लोहाचा डाग ब्लीचने आणखी पक्का होतो. शेवटच्या पाण्यात बादलीला चमचाभर लिंबूसत्त्व टाका, दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यातून काढा. आधी कोपऱ्यावर करून बघा. पांढरा आणि मोतिया टाळून मातकट, राखी, बदामी घ्या. काळ्या रानाची धूळही त्यात लपते. पांढरं शिअर हवंच असेल तर पॉलिस्टरचं.

ब्लॅकआउटचेही दोन प्रकार येतात. एकात मागे रबरासारखा लेप असतो. तो घडीवर तडकतो, त्याला इस्त्री चालत नाही आणि सुईच्या प्रत्येक भोकातून उजेड चमकतो. दुसऱ्यात मधला धागाच काळा विणलेला असतो. त्यातून थोडा उजेड येतो, पण ते बिनधास्त धुता येतं. आपल्या धुळीत दुसरंच बरं. मोबाइलचा टॉर्च मागे धरून दुकानातच बघा.

सुताराचा_गज
सोफ्याचे १४ मीटर हा पूर्ण मढवलेल्या सोफ्याचा आकडा आहे. तुमच्या गाद्या सुट्या, लाकूड उघडं. सोफ्याच्या कापडाचा पन्हा ५४ इंच असतो. २२ इंचांच्या बैठकीला शिलाई धरून २३ इंचांचे दोन तुकडे लागतात, ते पन्ह्यात शेजारीशेजारी बसतात. उरलेली ८ इंची पट्टी आणि वर ८-९ इंच कापड बाजूच्या पट्टीला जातं. म्हणजे एका बैठकीला ३२ इंच, पाचांना चार मीटर. पाठीला २७ इंचांप्रमाणे साडेतीन. एकूण साडेसात, ८ मीटर घ्या. मोठं फूल प्रत्येक गादीच्या बरोबर मध्ये हवं असेल तर १० धरा. कारीगराला कागदावर हे तुकडे काढून दाखवायला सांगा, आकडा आपोआप खाली येतो.

पापुद्रे निघतात ते बहुतेक पीयू रेक्झिन असतं. हवेतल्या ओलाव्याने आणि घामाने वरचा थर सुटतो, त्यावर दुरुस्ती नाही. पीव्हीसी टिकतं, पण मे महिन्यात पाठ चिकटते. कापडच घ्या. मार्टिनडेल आकडा विचारा, म्हणजे कापड किती वेळा घासलं तरी टिकतं ते. रोजच्या वापराला २५ हजारांच्या वर हवा. आकडा सांगता येत नसेल तर तीन चाचण्या स्वतः करा. नमुना दुमडून दोन्ही अंगठ्यांनी ताणा, धागे सरकून फट दिसली तर शिलाई उसवणार. ओला पांढरा रुमाल वीस वेळा घासा, रुमालाला रंग लागला तर कापडाचा रंग जाणार. शेनिल (मऊ, केसाळ धाग्याचं कापड) असेल तर किल्लीचं टोक हलकेच ओढून बघा, धागा निघाला तर लहान मुलांच्या घरात नको. मखमलीसारखी लव असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापले पाहिजेत, नाहीतर एक गादी गडद, एक फिकी दिसते.

फोम अंगठ्याने दाबून सोडा. खड्डा लगेच भरला तर तोच ठेवा, नाहीतर बैठकीला ४० डेन्सिटी घ्या, पाठीला कमी चालते. फोमवर आधी मांजरपाटाची खोळ, मग कापडाची, मागे चेन. चेन पट्टीच्या पूर्ण मागच्या बाजूला आणि दोन्हीकडे कोपऱ्यांपुढे तीन-तीन इंच वळलेली हवी, म्हणजे धुवायला काढताना फोम मोडावा लागत नाही.

बालाघाटी
पाठीला हिमरू घेतलं तर? संभाजीनगरहून आणता येईल.

सुताराचा_गज
पाठीला नको, रोज घासली जाते. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर (उभे धागे) रेशमी बाणा (आडवे धागे). नक्षीचे सुटे धागे अडकतात आणि घरच्या धुण्यात कापड बसतं. १६ इंची उशांना शोभून दिसेल, तेही ड्राय क्लीन करायची तयारी असेल तर. शिवाय यंत्रमागावरचं आर्ट सिल्कही हिमरू म्हणूनच विकलं जातं. जास्त पैसे देणार असाल तर उलट बाजू बघा आणि हातमागाचं आहे का ते बिलावर लिहून घ्या. दिवाण असेल तर सरळ सोलापुरी चादर टाका.

गोदाकाठ
ब्लाइंडचं राहिलंच. झेब्रा (आडव्या पट्ट्यापट्ट्यांचं) दिसतं छान, पण धूळ पट्ट्यांच्या मध्ये बसते आणि पुसता येत नाही. साधं रोलर घ्या. चौकटीच्या आत बसवणार असाल तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी स्टीलच्या टेपने मोजा, सगळ्यात कमी ती लिहा. कागदावर "खिडकीचं माप" असं स्पष्ट लिहा. तुम्ही अर्धा इंच वजा करायचा आणि कारखान्यानेही करायचा, ही नेहमीची चूक. आतल्या रोलरला कडेने अर्ध्या-पाऊण इंचाची फट राहतेच. ती नको असेल तर बाहेर, भिंतीवर, दोन्हीकडे तीन इंच जास्त घेऊन लावा. तिथली काच सरकती असेल तर आत लावण्याआधी तिचा कडी-खटका रोलरला लागत नाही ना, तेही बघा.

दोन वर्षांची मुलगी आहे, म्हणून साखळी लोंबती ठेवू नका. तिचा फास गळ्यात अडकतो. साखळी ताणून धरणारी क्लिप भिंतीला स्क्रूने बसवून घ्या, पलंग किंवा खुर्ची त्या खिडकीखाली ठेवू नका. उत्तरेच्या खिडकीवर मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, त्यामुळे रोलर अगदी पारदर्शक नको.

बालाघाटी
सगळ्यांचे आभार. यादी अशी केली : हॉलला काळा धागा विणलेलं राखी कापड, साधं, साडेदहा मीटर, बाहेर चिक. बेडरूमला सुती ४ मीटर अधिक आटण्याचे २० सेंटिमीटर. सोफ्याला ८ मीटर. रोलर एक. हॉलच्या पडद्याला रिंगा ३०.

टाका_दोरा
३० नाही, ३२. प्रत्येक बाजूला दोन पॅनल जोडून, कडा दुमडून ९२ इंच उरतात. कडेपासून दोन-दोन इंच सोडून १६ रिंगा लावल्या की अंतर पावणेसहा-सहा इंच येतं. १५ लावल्या तर संख्या विषम होते, पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीत वळते. आणि साडेदहा मीटर एकाच ताग्यातले घ्या. ताग्यात तेवढं नसेल तर नवा येईपर्यंत थांबा, दुसऱ्या ताग्याची रंगछटा दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये ओळखू येत नाही, पश्चिमेच्या उन्हात येते.